दमट तंजावरात वाळवंटी सरडा : ‘बिअर्डेड ड्रॅगन’चे घर कसे असावे?

तंजावर : ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात राहणारा ‘बिअर्डेड ड्रॅगन’ हा सरडा आता भारतातील शहरी घरांमध्येही पाळीव प्राणी म्हणून दिसू लागला आहे. स्वभावाने शांत, हाताळण्यास सोपा आणि दिवसा जागा राहणारा असल्यामुळे तो अनेकांना आकर्षित करतो. मात्र त्याचे आरोग्य खाण्यापेक्षाही तो राहतो त्या पेटीवर अधिक अवलंबून असते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तंजावरसारख्या उष्ण व दमट शहरात परदेशी पुस्तिकांमधील सूचना जशाच्या तशा उचलून ही पेटी बांधता येत नाही. प्राणी घरी आणण्यापूर्वी कोणत्या गोष्टी समजून घ्याव्यात आणि पेटी कशी तयार करावी, याचा हा आढावा.

प्राणी कोणता?

पाळला जाणारा बिअर्डेड ड्रॅगन हा प्रामुख्याने ‘पोगोना व्हिटिसेप्स’ या प्रजातीचा असतो. पूर्व आणि मध्य ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील विरळ झाडी, खुरटी झुडपे आणि अर्धवाळवंटी माळ हे त्याचे मूळ वसतिस्थान. घशाखालील काटेरी त्वचा फुगवून तो ती काळी करतो, त्यावरून त्याला ‘दाढीवाला’ हे नाव पडले. पूर्ण वाढलेला प्राणी शेपटीसह साधारण ४० ते ६० सेंटिमीटर लांब असतो आणि चांगली निगा मिळाल्यास १० वर्षे किंवा त्याहून अधिक जगतो.

आपल्याकडील कुंपणावर मान हलवत बसणारा बागेतला सरडा हा त्याचा दूरचा नातलग आहे. दोघेही ‘अ‍ॅगॅमिडी’ या एकाच कुळातील. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर आढळणारा, गळ्याखालचा रंगीत पंखा उघडणारा सरडाही याच कुळात मोडतो. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी या पंखागळ्या सरड्यांच्या काही प्रजातींसाठी नवे कुल निश्चित केले, तेव्हा मराठी शब्दावरूनच त्याचे नाव ‘सरडा’ ठेवण्यात आले. या नातलगांप्रमाणेच बिअर्डेड ड्रॅगनही उन्हावर जगणारा प्राणी आहे. शरीराची उष्णता तो स्वतः निर्माण करू शकत नाही. सकाळी उन्हात बसून शरीर तापवणे, अन्न पचवणे आणि ऊन वाढले की सावलीत सरकणे हा त्याचा दिनक्रम असतो. पेटी बांधणे म्हणजे हा दिनक्रम चार फुटांच्या जागेत शक्य करून देणे होय.

आधी कायदा, मग सुतार

ऑस्ट्रेलिया आपल्या मूळच्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या व्यापारी निर्यातीस परवानगी देत नाही. त्यामुळे जगभर विकले जाणारे बिअर्डेड ड्रॅगन हे बंदिवासात पैदास झालेले असतात किंवा तसे असल्याचे सांगितले जाते. भारतात परदेशी प्राण्यांच्या तस्करीचा प्रश्न गंभीर आहे. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानातून विदेशी सरपटणारे प्राणी जप्त झाल्याच्या घटना चेन्नई विमानतळावर वारंवार घडल्या आहेत. म्हणून विक्रेत्याकडून पावती आणि प्राण्याच्या मूळ स्रोताची कागदपत्रे घेतल्याशिवाय व्यवहार करू नये.

वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. या दुरुस्तीनुसार आंतरराष्ट्रीय व्यापार करारातील प्रजातींचा समावेश चौथ्या अनुसूचीत करण्यात आला. अशा प्रजातींचे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांनी ‘परिवेश’ या केंद्रीय संकेतस्थळावर नोंदणी करावी, असे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये अधिसूचित झाले. खरेदीपूर्वी प्रजातीचे शास्त्रीय नाव वनविभागाच्या कार्यालयास देऊन नोंदणीबाबत लेखी खात्री करून घेणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग होय. प्राण्यांची दुकाने २०१८ च्या नियमांनुसार राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, हेही तपासावे.

पेटीच्या आकाराशी थेट संबंध असलेली तरतूद मात्र याहून जुनी आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम ११ नुसार, प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा लांबी, रुंदी वा उंचीच्या पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. हौसेने घेतलेल्या प्राण्याला अरुंद काचेच्या टाकीत ठेवणे ही केवळ चुकीची पद्धत नसून, ते कायद्याच्या कक्षेतही येऊ शकते.

घोरपड, चांदणी कासव यांसारखे देशी सरपटणारे प्राणी घरात पाळण्यास कायद्याने मनाई आहे. अशा प्राण्यांसाठी घरी पेटी बांधण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

तंजावरच्या हवेची अडचण

परदेशी मार्गदर्शनातील मुख्य चिंता थंडीची असते. तिथे खोली २० अंश सेल्सिअसवर असते आणि दिवे लावून पेटी तापवावी लागते. तंजावरमध्ये प्रश्न उलटा आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या आसपास जातो. तमिळ पंचांगातील ‘अग्नी नक्षत्र’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मे महिन्यातील दिवसांत बंद खोलीच ३५ अंशांच्या पुढे जाऊ शकते. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस येतो. भातखाचरांनी वेढलेल्या या प्रदेशात त्या दिवसांत भिंतींनाही ओल धरते.

बिअर्डेड ड्रॅगनला पेटीत एका टोकाला तीव्र ऊब आणि दुसऱ्या टोकाला गारवा लागतो. ऊन खाण्याच्या जागेचा पृष्ठभाग प्रौढ प्राण्यासाठी सुमारे ३८ ते ४२ अंश, तर थंड टोक २४ ते २८ अंश असावे. हवेतील सापेक्ष आर्द्रता दिवसा ३० ते ४० टक्क्यांच्या आसपास राहणे योग्य मानले जाते. तंजावरमध्ये तीव्र ऊब सहज मिळते. कठीण असते ते थंड टोक थंड ठेवणे आणि कोरडेपणा टिकवणे.

येथे एक साधा भौतिक नियम मदतीला येतो. हवा तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता वाढते आणि बाष्प तेवढेच राहिले तरी सापेक्ष आर्द्रता घटते. खोलीत २८ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा दिव्याखाली ४० अंशांपर्यंत तापल्यावर तिची आर्द्रता सुमारे ४१ टक्के भरते. ३२ अंशांवर मात्र ती ६४ टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणजेच दिव्याखालची जागा आपोआप कोरडी होते, पण उरलेली पेटी होत नाही. काही तास वाढलेली आर्द्रता हा प्राणी सहन करतो. पण ओल आणि गारवा दोन्ही दिवसेंदिवस टिकून राहिल्यास श्वसनमार्गाचा संसर्ग आणि त्वचेवरील बुरशी यांचा धोका वाढतो. तंजावरच्या पेटीची रचना या एका गोष्टीभोवती ठरवावी लागते.

माप आणि साहित्य

एका प्रौढ प्राण्यासाठी लांबी १२०, रुंदी ६० आणि उंची ६० सेंटिमीटर, म्हणजे चार बाय दोन बाय दोन फूट हे किमान माप समजले जाते. याहून मोठी पेटी चांगलीच. लांबी वाढली की ऊब आणि गारवा यांतील अंतरही वाढते. पिलासाठी छोटी पेटी घेऊन नंतर बदलणे खर्चिक ठरते, कारण हा प्राणी साधारण वर्षभरात जवळजवळ पूर्ण आकार गाठतो. एका पेटीत एकच प्राणी ठेवावा. दोन एकत्र ठेवल्यास बलवान प्राणी उबेची जागा आणि अन्न बळकावतो आणि चाव्यांमुळे दुसऱ्याची बोटे किंवा शेपटी तुटू शकते.

पूर्ण काचेची टाकी येथे टाळावी. तिला हवा फक्त वरून मिळते, ओल आत कोंडते आणि चारही बाजूंनी दिसणाऱ्या हालचालींमुळे प्राणी अस्वस्थ राहतो. केवळ जाळीच्या पिंजऱ्यात हवा खेळते, पण नखे आणि नाकपुडी घासून जखमा होतात. तीन बाजू भरीव आणि समोर सरकत्या काचा ही रचना अधिक सोयीची असते.

सुतारकामासाठी जलरोधक मरीन प्लाय योग्य. आठ बाय चार फुटांच्या एका तावातून चार बाय दोनचे चार तुकडे निघतात. त्यांपैकी एक तळ, एक छत, एक मागची बाजू आणि चौथ्याचे दोन भाग करून दोन्ही बाजू होतात, त्यामुळे ताव वाया जात नाही. बाजूच्या फळ्या तळाच्या बाहेरून लावल्यास पेटीची लांबी आतून पूर्ण मिळते. आतील पृष्ठभागावर सनमायका बसवून सांधे सिलिकॉनने बंद करावेत, म्हणजे पाणी मुरत नाही आणि पुसणे सोपे होते. स्वयंपाकघरातील कपाटांसाठी वापरला जाणारा पीव्हीसी बोर्ड ओल अजिबात धरत नाही, मात्र उष्णतेने तो मऊ पडतो. दिव्याजवळच्या भागात तो वापरू नये. चीड किंवा देवदार यांसारखे राळयुक्त, उग्र वासाचे लाकूड आत नको. रंग, गोंद आणि सिलिकॉन यांचा वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उघडी ठेवून वाळवावी.

समोरच्या बाजूस तळाशी १० ते १५ सेंटिमीटर उंचीची पट्टी ठोकून तिच्यावर दुहेरी चॅनेल बसवावे आणि दोन काचा त्यात सरकवाव्यात. प्राणी नखांनी काच सरकवू शकतो, त्यामुळे काचेला लावायचे छोटे कुलूप उपयोगी पडते. फणसाच्या लाकडातून वीणा घडवणाऱ्या कारागिरांच्या या शहरात असे काम करणारा सुतार मिळणे कठीण नाही. त्याला चित्र काढून, मापे लिहून द्यावीत.

हवेसाठी झरोके कुठे ठेवायचे, हे तंजावरमध्ये विशेष महत्त्वाचे आहे. थंड टोकाला तळाजवळ आणि उबदार टोकाला छताजवळ झरोका ठेवल्यास तापलेली हवा वरून बाहेर पडते आणि खालून ताजी हवा आत ओढली जाते. जुन्या घरांतील धुराड्याचे तत्त्वच येथे लागू होते. एकच झरोका ठेवला किंवा दोन्ही एकाच उंचीवर ठेवले, तर हा प्रवाह मंदावतो. झरोक्यांना बारीक स्टीलची जाळी लावावी.

ऊब : वरून आणि मोजून

ऊब देणारा दिवा पेटीच्या एका टोकाला, वरून खाली प्रकाश टाकणारा असावा. या प्राण्याच्या डोक्यावर प्रकाश ओळखणारा एक सूक्ष्म ‘तिसरा डोळा’ असतो आणि ऊन वरून येते हीच त्याच्या शरीराची अपेक्षा असते. त्यासाठी हॅलोजनचा दिवा चिनी मातीच्या होल्डरमध्ये बसवावा. प्लॅस्टिकचा होल्डर उष्णतेने वितळू शकतो. दिव्याभोवती तारेची जाळी असावी, कारण उडी मारून दिव्याला चिकटलेला प्राणी गंभीर भाजतो. विजेवर तापणारे कृत्रिम दगडही टाळावेत. पोटाखालची उष्णता या प्राण्याला नीट जाणवत नाही आणि तो भाजेपर्यंत त्यावर बसून राहू शकतो.

दिव्याखाली कडप्पा दगडाची लादी किंवा जाड फांदी ठेवून तिच्या पृष्ठभागाचे तापमान इन्फ्रारेड मापकाने मोजावे. दिवा वर-खाली करून किंवा कमी वॉटचा घेऊन ते ३८ ते ४२ अंशांवर आणावे. मंदक असलेला थर्मोस्टॅट जोडल्यास उन्हाळ्यात दिवा आपोआप मंद होतो. येथे ती चैन नसून गरज आहे. पेटीच्या दोन्ही टोकांना स्वतंत्र तापमापक लावावेत. काचेवर चिकटवायच्या पट्ट्यांचे आकडे विश्वासार्ह नसतात.

मे महिन्यात खोलीच ३५ अंशांवर गेली, तर दिवा बंद केल्यानेही थंड टोक मिळत नाही. अशा वेळी पेटी घरातील सर्वांत थंड, शक्यतो तळमजल्यावरील उत्तर बाजूच्या खोलीत ठेवावी. उबेचा दिवा पहाटेपासून सकाळी १०-११ वाजेपर्यंतच चालवावा आणि दुपारी पंखा किंवा वातानुकूलन यंत्राने खोलीचे तापमान २८ अंशांच्या आसपास आणावे. पंख्याचा झोत थेट पेटीवर नको. ऊन खाताना तोंड किंचित उघडे ठेवणे ही या प्राण्याची नेहमीची सवय आहे. मात्र थंड टोकाला जाऊनही तो तोंड उघडून धापा टाकत असेल, तर तो तापला आहे असे समजून तातडीने गारवा द्यावा.

रात्री सर्व दिवे बंद करावेत. या प्राण्याला अंधार लागतो आणि तंजावरच्या रात्री त्याच्यासाठी पुरेशा उबदार असतात. लाल वा निळ्या ‘रात्रीच्या दिव्यां’ची गरज नाही.

दिसत नाही तो प्रकाश

पेटीतील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित घटक म्हणजे अतिनील-बी किरण. त्वचेवर हे किरण पडले की शरीरात ड-३ जीवनसत्त्व तयार होण्याची प्रक्रिया सुरू होते आणि ती पूर्ण होण्यासाठी उष्णताही लागते. हे जीवनसत्त्व नसेल, तर खाण्यातील कॅल्शियम शरीरात शोषले जात नाही. मग शरीर हाडांतील कॅल्शियम काढू लागते. जबडा मऊ पडणे, पाय वाकणे, बोटे थरथरणे, चालता न येणे ही त्याची लक्षणे. वेळीच उपचार न झाल्यास हा आजार प्राणघातक ठरतो आणि वाकलेली हाडे पुन्हा सरळ होत नाहीत. यातील बहुतेक त्रास योग्य दिव्याने टाळता येतो.

‘खिडकीतून ऊन येतेच’ हा येथील सर्वसाधारण गैरसमज आहे. साधी काच अतिनील-बी किरण जवळजवळ पूर्ण अडवते. खिडकीतल्या उन्हाने पेटी तापते, पण जीवनसत्त्व मिळत नाही. उलट काचेच्या बंद पेटीवर थेट ऊन पडल्यास काही मिनिटांत आतील तापमान प्राणघातक होऊ शकते.

यासाठी वाळवंटी प्राण्यांकरिता बनवलेली, १० ते १२ टक्के श्रेणीची, परावर्तकासह येणारी लांब टी-५ नळी वापरावी. नळीने पेटीची अर्धी ते दोन तृतीयांश लांबी व्यापावी आणि ती उबेच्या दिव्याच्याच बाजूस असावी, म्हणजे ऊब आणि किरण एकाच जागी मिळतात आणि दुसऱ्या टोकाला सावली उरते. नळी आणि प्राण्याची पाठ यांतील अंतर उत्पादकाच्या तक्त्यानुसार, साधारणपणे ३० ते ४० सेंटिमीटर ठेवावे. मध्ये बारीक जाळी असल्यास बराच प्रकाश अडतो, म्हणून नळी शक्यतो जाळीच्या आत बसवावी. नळी डोळ्यांना प्रकाशमान दिसत राहिली तरी किरणांचे प्रमाण घटत जाते. त्यामुळे ती साधारण वर्षभराने बदलावी आणि बसवल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवावी. उन्हाळ्यात १२ ते १४ तास आणि हिवाळ्यात १० ते १२ तास प्रकाश देण्यासाठी टायमर लावणे सोयीचे होते.

तळ आणि मांडणी

तळाला नवख्याने सैल वाळू घालू नये. पिले अन्नासोबत वाळू गिळतात आणि आतडी तुंबण्याचा धोका असतो. कॅल्शियमची म्हणून विकली जाणारी वाळू आणि अक्रोडाच्या टरफलांचा भुसा हेही टाळावेत. वर्तमानपत्र किंवा खरबरीत कडप्पा वा शहाबादी लादी हा स्वस्त आणि स्वच्छ पर्याय आहे. लादीवर नखेही झिजतात. गुळगुळीत चकचकीत फरशीवर मात्र पाय घसरतात.

हा प्राणी कुंपणाच्या खांबावर, ओंडक्यावर चढून बसणारा आहे. पेरू किंवा चिंचेची जाड, वाळलेली फांदी कीटकनाशक न मारलेल्या झाडाची घ्यावी, घासून धुवावी आणि कडक उन्हात वाळवावी. ती अशी घट्ट बसवावी, की प्राणी चढल्यावर घसरणार नाही. थंड टोकाला अंग लपेल असा आडोसा हवा. पाण्याचे भांडे उथळ असावे. पावसाळ्यात ते दिवसभर आत न ठेवता सकाळी काही वेळ ठेवून काढावे, म्हणजे ओल वाढत नाही. त्याच कारणासाठी पेटीत कुंडीतली झाडे ठेवू नयेत. ईशान्य मोसमी पावसात आर्द्रता सतत ६० टक्क्यांच्या वर राहत असेल, तर खोलीत बाष्प शोषणारे यंत्र चालवावे लागते.

विजेचे बिल आणि चक्रीवादळ

७५ वॉटचा हॅलोजन आणि ३९ वॉटची नळी रोज १२ तास चालवल्यास सुमारे १.४ युनिट वीज लागते. दोन महिन्यांच्या बिलात ही भर ८२ युनिटच्या आसपास जाते. तमिळनाडूत घरगुती ग्राहकांना दोन महिन्यांना पहिले १०० युनिट मोफत मिळतात. म्हणजे या सवलतीचा मोठा वाटा हा एक प्राणीच वापरेल. वातानुकूलन यंत्राचा खर्च यात धरलेला नाही.

वीज जाण्याची तयारीही हवी. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी आलेल्या ‘गजा’ चक्रीवादळाने त्रिभुज प्रदेशातील जिल्ह्यांत विजेचे खांब मोठ्या प्रमाणावर कोसळले आणि अनेक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. पावसाळ्यातील अशा खंडात येथील तापमान प्राण्याच्या जिवावर बेतेल इतके सहसा घसरत नाही. मात्र ऊब नसताना त्याला खायला घालू नये, कारण उष्णतेशिवाय अन्न पचत नाही आणि पोटात कुजू शकते. निरोगी प्रौढ प्राणी काही दिवस कमी अन्नावर राहू शकतो. उन्हाळ्यात वीज गेल्यास मात्र बंद पेटी तापते. तेव्हा काचा उघडून प्राण्याला थंड खोलीत हलवावे.

मुंग्या, धूर आणि स्वच्छता

दक्षिणेतील घरांत मुंग्या हा या पेटीचा छुपा शत्रू आहे. उरलेले कीटक आणि फळांचे तुकडे त्यांना बोलावतात आणि झोपलेल्या प्राण्याला त्या चावतात. पेटी चार पायांच्या लोखंडी घडवंचीवर ठेवून प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत ठेवावा. दुधा-तुपाच्या जाळीच्या कपाटासाठी जुन्या स्वयंपाकघरांत हीच युक्ती होती. वाटीतील पाणी दोन-तीन दिवसांनी बदलावे, अन्यथा डास होतात. पेटीजवळ कीटकनाशक फवारू नये. डासांच्या अगरबत्त्या, उदबत्ती, धूप आणि फोडणीचा धूर यांपासूनही ती दूर असावी, त्यामुळे देवघर किंवा स्वयंपाकघर ही तिची जागा नव्हे.

विष्ठा रोज काढावी, लादी आठवड्याला घासून पूर्ण वाळवून मगच परत ठेवावी. न खाल्लेले कीटक रात्री आत सोडू नयेत. काही जातींचे नाकतोडे झोपलेल्या प्राण्याला कुरतडतात. बागेतून पकडलेले कीटकही देऊ नयेत. विशेषतः काजवा या प्राण्यासाठी विषारी असून एकच काजवा जीव घेऊ शकतो.

घरातील माणसांचे आरोग्य

निरोगी दिसणाऱ्या बिअर्डेड ड्रॅगनच्या आतड्यातही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१४ आणि २०२४ मध्ये या प्राण्याशी संबंधित संसर्गाच्या साथींचा तपास केला होता. पाच वर्षांखालील मुले, ज्येष्ठ नागरिक आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्ती यांना अधिक धोका असतो. अशा व्यक्ती घरात असतील, तर हा प्राणी आणण्याचा फेरविचार करावा. प्राणी किंवा पेटीतील वस्तू हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि पेटीची भांडी स्वयंपाकघरातील मोरीत कधीही धुऊ नयेत.

उपचारांची सोयही आधीच पाहावी. तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडू येथे तमिळनाडू पशुवैद्यक विद्यापीठाचे महाविद्यालय आहे. तरीही सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य कोठे मिळेल, याची चौकशी प्राणी आणण्यापूर्वीच करून ठेवणे श्रेयस्कर.

आधी रिकामी पेटी चालवावी

प्राण्यांचे बारकाईने निरीक्षण करून ते नोंदवण्याची परंपरा तंजावरला नवी नाही. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या सरफोजी राजे भोसले (द्वितीय) यांनी पशुपक्ष्यांची चित्रे काढवून घेतली आणि गज व अश्व यांच्या निगेविषयीची सचित्र हस्तलिखिते आजही सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहात आहेत. प्राणी पाळण्याआधी त्याच्या गरजा लिहून काढण्याची ही शिस्त छोट्या पेटीलाही लागू पडते.

पेटी तयार झाल्यावर किमान एक आठवडा ती रिकामी चालवावी. सकाळी ६, दुपारी १२, दुपारी ३ आणि रात्री १० वाजता दोन्ही टोकांचे तापमान आणि आर्द्रता वहीत नोंदवावी. शक्य असल्यास एक नोंद मे महिन्यातील आणि एक नोव्हेंबरमधील असावी, कारण या दोन टोकांवर पेटी उतरली, तर ती वर्षभर टिकेल. आकडे जमत नसतील, तर झरोका, दिवा किंवा खोली बदलावी. तरीही जमले नाही, तर प्राणी न आणणे हाच योग्य निर्णय ठरतो.

प्राणी आणल्यानंतर तो सांभाळणे शक्य झाले नाही, म्हणून शेतात किंवा माळावर सोडून देणे हा पर्याय नाही. तो येथे जगला तर स्थानिक सरड्यांमध्ये रोग पसरवू शकतो किंवा त्यांच्याशी अन्नासाठी स्पर्धा करू शकतो आणि बहुधा पहिल्या पावसातच मरतो. अशा वेळी वनविभाग किंवा अनुभवी पशुवैद्य यांच्याशी संपर्क साधून त्याची कायदेशीर सोय करावी. दहा वर्षांची ही जबाबदारी पेलता येईल की नाही, याचे उत्तर रिकाम्या पेटीच्या वहीतच बहुतेकदा मिळते.